कंसातलं नाव

आईच्या नावाला कंस पडला तो 1998 सालच्या सप्टेंबरात. निफाड तालुक्यातल्या तिच्या माहेरी आजोबांच्या नावावर 2 हेक्टर 40 आर जमीन होती. आजोबा गेले, फेब्रुवारीत वारसनोंदीचा फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर पाच नावं चढली: आजी, दोन मामा, मावशी, आई. सात महिन्यांनी दुसरा फेरफार झाला. मावशी आणि आई तालुक्याला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्र करून आल्या आणि दोघींच्या नावांना कंस झाला. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव असं कंसात टाकत. नाव वाचता येतं, पण हिश्श्यात धरत नाहीत.

हा उतारा मी पहिल्यांदा पाहिला 2021 मध्ये. धाकट्या मामांना बँकेत द्यायला जुने कागद हवे होते आणि झेरॉक्स काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. आईचं नाव तिच्या माहेरच्या जमिनीवर कधीकाळी होतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? सगळ्याच सोडतात. आणि दादाने त्या भाऊबीजेला साडी चांगली घेतली होती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'साडीचोळीवर बोळवण' असं आपण बोलताना सहज म्हणून जातो. आईच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. सप्टेंबरात सही, ऑक्टोबरात दिवाळी आणि हातात साडी. त्यानंतर दरवर्षी एक.

आधी मी रीतसर वाट धरली. नात्यातल्या एका वकीलबाईंकडे कागद घेऊन गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगी बापाच्या वाट्याची वारस ठरली होती. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण त्या तारखेच्या आधी ज्यांचं लग्न झालं त्यांना वगळलं. आईचं लग्न 1978 चं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मानेच असतो. "पण तुझ्या आईने नोंदणीकृत हक्कसोड दिलेलं आहे. स्वतः हजर राहून. आणि तिला तक्रार करायची आहे का?" आईला तक्रार करायची नव्हती. तो विषय तिथे संपला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. मी भरतकाम शिकले ते शाळेत कार्यानुभवाच्या तासाला, मग सुट्टीतल्या शिवणवर्गात. पुढे वीसेक वर्षं नाशिकला ब्लाउज, कुर्ते, लग्नाचे रुमाल भरून दिले. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी 1909 पासून बायकांना शिवण आणि भरतकाम शिकवायला सुरुवात केली, त्यामागे चार पैसे हातात यावेत हा विचार होता, आणि माझ्या हातातही ते आले. पण सुईने काही म्हणता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला दोन दूरच्या गोष्टींनी शिकवलं.

पहिली चिलीतली. 1973 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि माणसं नाहीशी होऊ लागली. त्यांच्या आया, बहिणी, बायका चर्चच्या आसऱ्याने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. रस्ता, डोंगर, घर, आणि दाराशी एक बाई: तो कुठे आहे, असं विचारणारी. कितीतरी चित्रांत नाहीशा झालेल्या माणसांचे खरे कपडे वापरलेले आहेत. ही चित्रं देशाबाहेर गेली आणि आत काय चाललंय ते जगाला दिसलं. दुसरी गोष्ट लंडनची. 1912 मध्ये मताचा हक्क मागणाऱ्या बायकांना हॉलोवे तुरुंगात टाकलं होतं, तिथे त्यांनी एका रुमालावर आपापल्या सह्या भरल्या. सहासष्ट सह्या. तुरुंगातल्या कैद्याची सही, दोऱ्यात.

एकीकडून मी घेतलं की कापड खरंच हवं, ज्याचं त्याचं. दुसरीकडून घेतलं की सही भरता येते. तेव्हाच ठरलं: आईच्या साड्यांची गोधडी करायची आणि तिच्यावर तो सातबारा भरायचा, जसाच्या तसा, रकान्यांसकट.

1998 ते 2021, चोवीस भाऊबिजा. त्यातल्या अकरा साड्या आईकडे निघाल्या. बाकीच्या कामवालीला, आत्याला, पुराच्या वेळी गोळा करायला आलेल्यांना गेल्या होत्या. तिने एकेक उलगडून सांगितलं: ही आजी आजारी होती त्या वर्षीची, ही मोठ्या मामाने बोअर मारली त्या वर्षीची, या वर्षी कांदा मातीमोल झाला तरी त्याने आणली. साड्यांवर तिचा जीव आहे, हे मी इथे मुद्दाम लिहिते. कुणी म्हणेल की मी तिला समजावून तिच्या भावाविरुद्ध उभं केलं. तसं झालं नाही. ती भावाविरुद्ध कधीच उभी राहिली नाही. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून आपण सही केली, असं ती स्वच्छ सांगते. माझं म्हणणं एवढंच आहे की भावाला बहिणीचं दार उघडं राहावं म्हणून कधी काही लिहून द्यावं लागत नाही.

अकराच्या अकरा साड्या सिंथेटिक निघाल्या. गोधडी करणारी कुणीही बाई हे ऐकून कपाळाला हात लावेल. गोधडीला मऊ, धुवून धुवून विरलेलं सुती कापड लागतं, लुगडं किंवा धोतर. त्यात सुई लोण्यासारखी जाते आणि टाका बसतो. सिंथेटिक साडी सुईखालून सरकते, सुती दोरा ओढला की कापड गोळा होतं, आणि दोन थरांमध्ये हवा राहून फुगे येतात. माझा पहिला प्रयत्न असाच वाया गेला. तीन महिन्यांचं काम होतं. सगळं उसवलं. उसवताना त्या कापडाला भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत, सुतीची बुजतात. तेही तेव्हा कळलं.

आजीची दोन नऊवारी लुगडी मावशीकडे होती. ती मागायला गेले तेव्हा मावशीने आधी काय करणार ते विचारलं. मी उतारा दाखवला. तिला वाचता येत नाही. मी तिचं नाव बोटाने दाखवलं, कंस दाखवला. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली, मग पेटीतून लुगडी काढून दिली. "माझ्या आईचं पण नाव कमी झालं का गं?" तिने विचारलं. नाही, आजीचं नाव ती जाईपर्यंत होतं. "मग बरं," म्हणाली.

लुगड्यांनी गोधडी वाचली. आत लुगड्यांचे चार थर घातले, वर साड्यांचे तुकडे जोडून केलेला थर, खाली मांजरपाटाचं अस्तर. माप 7 फूट बाय 5 फूट. पण त्याआधी वरच्या थरावर भरतकाम उरकायचं होतं, कारण सगळे थर एकत्र झाले की रिंग बसत नाही. साड्यांच्या तुकड्यांना मागून मलमल लावून घेतली, मग कुठे अक्षरं धरू लागली.

इमारतींच्या नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या दुकानात सातबारा मोठा करून घेतला. त्या कागदावर रेघेरेघेवरून सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड बोळ्याने फिरवायची. भोकांतून ठिपके उतरतात. शिवणवर्गात आम्ही मोर आणि वेली अशाच उतरवायचो. रॉकेल आता सहज मिळत नाही, ओळखीतून बाटलीभर आणलं. नुसती भोकं पाडायला अकरा रात्री गेल्या.

देवनागरी भरताना एक सोय आहे, शिरोरेघ. ती आधी घालून घेतली की अक्षरं तिला लटकतात, रांग वाकडी होत नाही. रेघेला उलटी टीप, गोलाईला दांडी टाका, सहापदरी दोऱ्याचे दोन पदर सुटे करून. आठवड्याला दोन ओळी, फार तर तीन. 'भोगवटादार' या एका शब्दाला दीड दिवस लागला. इतका वेळ एकाच शब्दावर सुई चालवताना तो शब्द वेगळा दिसू लागतो. भोगवटा. जमीन भोगणारा. मी आजीला जमीन भोगताना कधी पाहिलं नाही. कांद्याच्या वाफ्यात कमरेतून वाकलेली पाहिली.

तिथून मला गाव नमुना बारा सापडला. सात हा अधिकाराचा नमुना आणि बारा पिकांचा. जुन्या बारात एक रकाना असे: 'जमीन करणाराचे नाव'. उताऱ्यावर त्या रकान्यात मामांचं नाव होतं. या एका जागी मी जसंच्या तसं ठेवलं नाही. पिकांच्या रकान्यात कामं भरली: रोप टाकणं, लागण, खुरपणी, काढणी, पात कापणं, चाळीत भरणं. आणि 'जमीन करणाराचे नाव' या रकान्यात ती ती कामं करणाऱ्या बायकांची नावं. आजी, दोन्ही मामी, गल्लीतल्या टोळीने लागणीला जाणाऱ्या सहाजणी. टोळीतल्या बायकांना मी म्हटलं, तुमची नावं तुम्हीच भरा. चौघींनी भरली. दोघींनी पेनाने लिहून दिली, मी त्यांच्या अक्षरावरून दोरा फिरवला. एकीने कापडावर हात फिरवत विचारलं, "हे सरकारात जाणार का?" मी नाही म्हटल्यावर तिने आणखी ठसठशीत टाके घातले. ती नावं इथे देत नाही, गोधडीवर आहेत.

2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या शंभर खात्यांपैकी जेमतेम चौदा बायकांची होती. हा आकडा मी कुठे भरला नाही. त्या रकान्यासमोर उभं राहिलं की तो ज्याचा त्याला दिसतो.

आता कंसाचं. माझ्या मनात होतं की कंस घालायचेच नाहीत. दोघींची नावं मोकळी लिहायची, गोधडीवर तरी. आईने ऐकलं आणि ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "मी सही केली ना? मग ती केली. ती पुसून मला कशाला मोठी करतेस? कंस घाल." एवढं बोलून ती आत गेली आणि 1998 ची साडी घेऊन आली. मोरपंखी, जरीच्या काठाची. ती एकच साडी तिने मला तोवर कापू दिली नव्हती. "याच्या काठाचा घाल."

मी त्या काठाच्या चार बारीक पट्ट्या तिरप्या कापल्या, वाकवून दोन्ही नावांच्या दोन्ही बाजूंना बसवल्या आणि काजाच्या टाक्याने घट्ट केल्या. जर कडक असते, वळणावर तुटते. तिथे सुई बोटात किती वेळा गेली ते मोजलं नाही. दुरून पाहिलं की त्या सगळ्या काळ्या अक्षरांत फक्त तेवढे दोन कंस चमकतात. ही कल्पना माझी नाही, आईची आहे, आणि जिथे जिथे या कामाबद्दल बोलते तिथे हे आधी सांगते.

आई 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला गेली होती, शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला, ट्रॉलीत बसून, लाल बिल्ला लावून. मोठे मामाही बिल्लेवाले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि शंभरजणांनी केला की ते गाव लक्ष्मीमुक्त. आमच्या भागातही काहींनी केला. मामांनी केला नाही. आईने तो बिल्ला जपून ठेवला होता आणि तो गोधडीला लावायचा का, यावर आम्ही दोघी आठवडाभर बोलत होतो. शेवटी नाही लावला. ज्या माणसांनी खरंच जमिनी दिल्या त्यांच्यावर तो अन्याय झाला असता.

मग धावदोरा. थर ओट्यावर पसरले, कच्चे टाके घातले, आणि मावशी राहायला आली. गोधडी बाहेरून आत शिवत जातात. चारी काठांनी एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मधोमध यायचं. मावशीचा टाका तांदळाएवढा आणि अगदी सारखा. माझा हात भरतकामाचा, मला तेवढा लांब धागा एका दमात ओढता येत नाही. तीच पुढे आणि मी मागे, असे बावीस दिवस गेले.

मधला हातभर चौकोन मी मोकळा ठेवला होता. हक्कसोडपत्रावर आईची सही आहे आणि मावशीचा अंगठा. खाली बारीक अक्षरात 'नि. डा. हा. अं.', निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मी मावशीला शाई लावून तिचा अंगठा नव्याने घेतला, तोही त्याच दुकानात मोठा केला आणि उतरवला. धावदोऱ्याचे चौकोन आत येता येता गोल होत गेले आणि तिच्या अंगठ्याच्या रेषा झाल्या. शेवटचा टाका तिनेच घातला आणि दोरा दाताने तोडला. आयुष्यभर तिला अंगठ्याची लाज वाटत आली, हे तिने मला तेव्हा सांगितलं. हे सांगताना तिचा हात त्या रेषांवर होता.

ऑक्टोबर 2023 मध्ये गोधडी पुरी झाली. पुढे ती नाशिकला आणि पुण्याला बायकांच्या मेळाव्यांत लावली. एका ठिकाणी ती उंच टांगून 'हात लावू नये' अशी पाटी लावणार होते. मी नाही म्हटलं. गोधडी अंगावर घ्यायची असते, मुलांनी तिच्यावर लोळायचं असतं. ती टेबलावर पसरली आणि बायकांनी कंसांवरून बोटं फिरवली. दोघीतिघींनी पर्समधून घडी घातलेले कागद काढून दाखवले, हे सही करू का, विचारायला. मी वकील नाही. एवढंच सांगितलं की नोंदणी झाली की परत फिरणं फार अवघड असतं, आधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा, आणि कुणी घाई करत असेल तर थांबा. मी स्वतः माझ्या भावाला सही दिलेली नाही. आमचं बोलणं चालू आहे.

पण गोधडी सगळ्यात आधी उलगडली ती मोठ्या मामांच्या ओट्यावर, त्याच वर्षीच्या भाऊबीजेला. आईची तशीच इच्छा होती. ओवाळणं झालं, मामांनी दोघी बहिणींना साड्या दिल्या, दोघींनी घेतल्या. मग आई म्हणाली, "दादा, आम्ही पण काही आणलंय."

मामांना सातबारा पाठ आहे. ते उकिडवे बसून वरून खाली वाचत गेले, बोट लावत. एका जागी थांबले. "पोटखराब चुकलंय. 12 आर पाहिजे." मी वाकून पाहिलं, लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा तो आकडा खरंच चुकला होता, मी 21 भरलं होतं. मग ते बहिणींच्या नावांपाशी आले. कंसाचा काठ त्यांनी ओळखला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मोरपंखी रंग त्यांनीच येवल्याच्या बाजारात निवडला होता. ते काही बोलले नाहीत. बाराचा नमुना वाचला, अंगठ्यावर तळहात ठेवला, उठले आणि मळ्यात गेले. जेवायला परत आले तेव्हा त्यांनी आईच्या पानात स्वतः पुरणपोळी वाढली. त्यापलीकडे त्या दिवशी काही घडलं नाही, आणि नंतरही त्यांनी तो विषय काढलेला नाही. आईचं येणंजाणं पूर्वीसारखंच आहे.

सगळे आत गेल्यावर मोठ्या मामी ओट्यावर आल्या. त्यांना लिहितावाचता येतं. त्यांनी सातच्या नमुन्यातली नावं एकेक करून वाचली, कंसातली आणि कंसाबाहेरची, पुन्हा वरून सुरुवात केली, मग बारात येऊन स्वतःच्या नावावर थांबल्या. 'पात कापणं' या कामासमोर ते होतं.

"इथेच आहे व्हय मी," त्या म्हणाल्या. "वर नाही."

"वर नाही, मामी."

त्यांनी गोधडीचा काठ उचलून आतले थर चाचपले, अस्तर पाहिलं, दोरा ओढून पाहिला.

"अशी एक करायला किती साड्या लागतील?"

"वरच्या थराला आठ-दहा पुरतात. पण आत सुती पाहिजेत. तुमच्याकडे सुती आहेत का?"

"दोन आहेत," मामी म्हणाल्या. "बाकी सगळ्या भाऊबीजेच्या."